झारेकरी आणि हौशी

वसई-विरारच्या मातीत सोने नाही. हा सारा प्रदेश काळ्या बसाल्टचा आणि खाडीच्या गाळाचा; सोपाऱ्याला सोने आले असेल ते गलबतांतून. तरीही उद्या अर्नाळ्याच्या एखाद्या रिसॉर्टने हौदात वाळू ओतून, तीत चार सोनेरी कण मिसळून पर्यटकांच्या हाती परात दिली, तर नवल वाटू नये. कॅलिफोर्नियात कोलोमा येथे १८४८ साली जेम्स मार्शलला सोने सापडले. तिथे, तसेच ऑस्ट्रेलियात बॅलरटच्या सॉव्हरिन हिलवर, पाहुणे आज हौसेने वाळू धुतात.

या खेळाला माझा आक्षेप नाही. त्यातली गंमत खरी आहे. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. परात पाण्यात घोळवत राहिले की हलके वाहून जाते, जड तळाशी उरते. आक्षेप आहे तो ही कृती परक्या साहसकथेतली आहे, असे आपण मानून चालतो याला. मराठीत तिचा धनी आहे: झारेकरी. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आढळतो. सोनारांच्या दुकानांतील राख, केर, गटारातील गाळ धुऊन त्यातून कण काढणारा तो झारेकरी. नदीची वाळू धुणाऱ्या सोनझरा जातीची नोंद रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतावरील १९१६च्या ग्रंथात केली आहे. नागपूर, भंडारा, चांदा हे जिल्हे तेव्हा त्याच प्रांतात होते.

परात रिकामी राहिली तरी हौशी माणसाची सहल वाया जात नाही. झारेकऱ्याची मजुरी जाते. शिवाय बारीक कण धरण्यासाठी जिथे पारा वापरला जातो, तिथे तापवताना निघणारी वाफ त्याच्याच छातीत शिरते. पर्यटनाच्या माहितीपत्रकात हे यायचे नाही. असो.

आपल्या समीक्षेचे काय? 'कस', 'कसोटी', 'बावनकशी' ही सारी शब्दसंपत्ती आपण सराफाच्या पेढीवरून उचलली आणि कवितांना लावली. पेढीच्या दारातला केर उचलणारा मात्र आपल्या परिभाषेत आला नाही. सामवेदी, वाडवळी बोलींतले शब्द टिपणाऱ्या वसईच्या विद्यार्थ्यांनी एकदा सराफ बाजारामागच्या गल्लीतही वही घेऊन जावे. परातीला तिथे काय म्हणतात, तळाशी उरणाऱ्या काळ्या रेवेला काय, केराचा सौदा कोणत्या शब्दांत ठरतो, हे लिहून आणावे.