गालिच्याखालची ओल

जतच्या घरात पाणी शिरलं म्हटलं तर कुणीही हसेल. आमचा तालुका दुष्काळाचा. नळाची वाट बघण्यातच आम्हा बायकांची निम्मी हयात गेली. पण त्या वाट बघण्यानंच माझा घात केला. पाणी नव्हतं म्हणून तोटी उघडीच राहिली, आम्ही कुलूप लावून लग्नाला गेलो. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर हॉलमध्ये चपला तरंगत होत्या!

हॉलभर गालिचा अंथरलेला, खाली अर्धा इंच जाडीचा फोम चिकटवलेला. धाकट्या दिरांनी हौसेनं पुण्याहून आणून बसवलेला. मी पाणी उपसलं, जुन्या साड्यांनी टिपून घेतलं, पंखा फुल्ल सोडला. चार दिवसांत गालिचा ठणठणीत. जिंकलं म्हटलं!

आठवड्यानं कुबट वास यायला लागला. मी उदबत्त्या लावल्या, डांबराच्या गोळ्या टाकल्या. सासूबाईंना दमा आहेच, पण आता त्या रात्र रात्र उठून बसायला लागल्या. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "घरात कुठं ओल आहे का?" मी चक्क नाही म्हणाले. खोटं नव्हे, मला खरंच तसं वाटत होतं.

डोळे उघडले ते सांगलीच्या वन्संनी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट. वन्संचं अख्खं घर पाण्यात होतं, जुलै 2021 ला पुन्हा तेच. त्या आल्या, दारातच नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "वहिनी, वरचं काय बघताय? खालचं बघा." कोपरा उचलला. फोम पिळला तर पाणी निघालं, आणि खाली काळे डागच डाग.

मैत्रिणींनो, फोम म्हणजे भांडी घासायच्या स्पंजाचा थोरला भाऊ. वरून पंख्याचं वारं लागलं तरी फरशीकडची बाजू ओलीच राहते. ओलीत 24 ते 48 तासांत बुरशी धरू शकते, आणि तिची न दिसणारी भुकटी श्वासातून छातीत जाते. दमेकरी, लहान मुलं, म्हातारी माणसं यांना त्याचा जास्त त्रास. अमेरिकेत 2005 च्या कतरीना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये घरोघरी हेच काम करावं लागलं होतं. म्हणजे गाव कुठलंही असो, फोम तोच.

नळाचं स्वच्छ पाणी असेल आणि त्याच दिवशी फोम सुटा काढून उन्हात दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवला, तर तो वाचेल. पुराचं किंवा गटाराचं पाणी लागलेला फोम मात्र ठेवूच नये, कितीही जीव तुटला तरी. भरपाईसाठी पंचनामा होणार असेल तर आधी फोटो काढून ठेवा.

आमचं काम वन्संनी लष्करी शिस्तीत केलं. सासूबाईंना शेजारी धाडलं. हॉलची लाईट मेन स्विचवरून बंद. (पायाखाली पाणी असेल तर बोर्डाला हात लावू नका, वायरमनला बोलवा.) खिडक्या सताड उघड्या, पंखा बंद, नाहीतर बुरशी घरभर उडते. कोरोनातले एन-95 मास्क कपाटात पडले होते, ते बाहेर आले. तोंडाला पदर बांधून भागत नाही. हातात रबरी मोजे, पायात बूट. फोमवर साबणाचं पाणी हलकं शिंपडलं आणि ब्लेडनं हातभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. एकदम ओढायला गेलात तर कंबर धरलीच म्हणून समजा, भिजलेला फोम धोंड्यासारखा जड होतो. पट्ट्या आतल्या बाजूला गुंडाळून पिशवीत घातल्या, पिशवीचं तोंड तिथंच बांधलं. चिकटलेले तुकडे खुरप्यानं खरवडले.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. कामवाल्या मावशी आल्या तेव्हा मी मोजे घालून उभी, आणि त्या नुसत्या हातानं फोम उचलायला लागल्या. मला काही वाटलं नाही. वन्संनी त्यांना थांबवलं, आधी मास्क आणि मोजे दिले. आपल्याकडं घाणीचं काम नेहमी उघड्या हातांच्याच वाट्याला का जातं, याचा मी त्या दिवशी प्रथम विचार केला.

मग फरशी साबणानं घासली, धुऊन घेतली, नंतर ब्लिचिंग पावडरचं पाणी फिरवलं. त्यात संडासचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि फोम परसात पेटवून द्यायचा विचार असेल तर तोही सोडा, त्याचा धूर फार विषारी. आम्ही पिशव्या घंटागाडीत दिल्या, आत काय आहे ते आधी सांगून. गालिचाही दिला, मागच्या बाजूनं काळा पडला होता.

आता हॉलमध्ये सासूबाईंचं जुनं घोंगडं असतं. भिजलं तर गडग्यावर टाकायचं, संध्याकाळी झटकून आत. रात्रीचा खोकला बराच कमी आहे. दिवाळीला धाकटे दीर येतील. गालिच्याचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.