कचेरी जवळ आली, निर्णय लांबच

पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. राज्यातला छत्तिसावा. मोखाड्याच्या माणसाला एका दाखल्यासाठी दिवस मोडून ठाणं गाठावं लागू नये, म्हणून मोठा ठाणे जिल्हा तोडला. कारण खरं होतं. पण मुख्यालय आलं पालघरला, पश्चिम रेल्वेच्या रुळांजवळ. जव्हारकर मुख्यालय मागत राहिले. कोळी राजांच्या संस्थानाची जुनी राजधानी असलेलं जव्हार तालुक्याचं गाव म्हणूनच उरलं. मोखाड्याचा माणूस आजही जव्हार, विक्रमगड, मनोर करत पालघरला उतरतो, तेव्हा अर्धा दिवस गेलेला असतो.

सागरी, नागरी आणि डोंगरी, अशी या जिल्ह्याची वाटणी इथले लोकच करतात. नागरी म्हणजे मुख्यतः वसई-विरार: २०११च्या जनगणनेत जिल्ह्याच्या तीस लाखांपैकी बारा लाख माणसं या एकट्या महापालिकेत. मोजणी लावली की बाकीचे आपोआप मागे पडतात. सूर्या प्रकल्प डहाणू-विक्रमगडच्या शेतीसाठी म्हणून उभा राहिला. त्यात आदिवासींच्या जमिनी गेल्या. आता त्याचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे जातं. मध्य वैतरणाचं पाणी मोखाड्याच्या शेजारून मुंबईला निघतं, आणि उन्हाळ्यात मोखाड्यातले पाडे टँकरची वाट बघतात. मुंबईला पाणी लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण वाटपाच्या बैठकीत पाड्यांच्या बाजूने कोण बसतं?

इथली माणसं मुळात गप्प बसणारी नव्हेत. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी सावकार-जमीनदारांची वेठ मोडली. त्याआधी तीन वर्षं, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, पालघरच्या कचेरीवर मोर्चा आला आणि गोळीबारात पाच जण पडले. किनाऱ्यावरच्या गावांतूनही माणसं त्यात आली होती. पालघरचा हुतात्मा चौक त्यांचाच.

म्हणून डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराच्या प्रकल्पाकडे नीट बघायला हवं. डहाणू तालुका १९९१च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. १९९८ मध्ये त्यांनी वाढवणचं बंदर नाकारलं. २०१९च्या जानेवारीत धर्माधिकारी गेले. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्र तोच होता आणि प्राधिकरणही तेच. खर्चाचा आकडा ७६ हजार कोटींच्या वर, आणि समुद्रात भराव १,४४८ हेक्टरचा.

बंदराच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. किनाऱ्याजवळ वीस मीटर खोली सहज मिळत नाही, बरीच मोठी जहाजं आजही इथला माल दुसऱ्या देशांच्या बंदरांत उतरवतात, आणि या भागातल्या पोरांना नोकऱ्या हव्यात. पण नोकरीचा हिशोब मांडताना आज चालू असलेला धंदा कोणत्या रकान्यात धरला? इथल्या समुद्राच्या पट्ट्याला मच्छीमार ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात. डोल जाळ्यांना बोंबील, सातपाटीच्या बोटींना पापलेट. चिंचणी-वाढवणच्या घरांतून दागिन्यांच्या डाय बनतात, मागे चिकूच्या वाड्या आहेत. पापलेटला राज्य मासा जाहीर केलं तेही २०२३ मध्येच, परवानगीच्याच साली! सरकारच्या एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलाला दिसत नसावी.

भरपाईची भाषा जमिनीला सोयीची असते, कारण जमिनीला सातबारा असतो. कोळ्याच्या समुद्राला तो नाही. बोटीची नोंद निघते आणि मालकाचं नाव लागतं, पण खलाशी, मासळी सुकवणाऱ्या बाया, टोपली घेऊन लोकलने विरारपर्यंत जाणाऱ्या विक्रेत्या कोणत्या यादीत येतात? कोळगावला सिडकोने बांधलेलं जिल्हा मुख्यालय देखणं आहे. तिथल्या मत्स्यव्यवसाय खात्याने गावोगाव फिरून ही यादी करावी, माहीम-सातपाटीपासून झाईपर्यंत प्रत्येक गावात ती मोठ्याने वाचावी, हरकती लिहून घ्याव्यात. भरावाचा पहिला दगड समुद्रात पडण्याआधी हे व्हायला हवं. जिल्हा त्यासाठीच तर केला होता.