अर्जात यंदा नदी लिहा

पुणेकरहो, पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात कोणती कामे घ्यावीत, हे महापालिका दरवर्षी नागरिकांना विचारते. पदपथ, बाकडी, दिवे आपण सुचवतोच. यंदा मुदत टळण्याआधी मुळा-मुठेसाठी अर्ज भरा.

पैसे नाहीत, ही सबब ऐकून घेऊ नका. जपानी कर्जाच्या मदतीने नदी शुद्ध करण्याची सुमारे ९९० कोटींची योजना केंद्राने २०१६ मध्येच मंजूर केली. ११ केंद्रांत दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध व्हायचे होते. काम वर्षानुवर्षे रेंगाळले. ४४ किलोमीटर नदीकाठ सुशोभित करण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी मात्र मार्च २०२२ मध्ये झाली, आणि त्याचा खर्च काही हजार कोटींच्या घरात आहे. काठ सजला आणि पाणी तसेच राहिले, तर तिथे नाकाला रुमाल लावून फिरायचे काय? आधी मैला थांबवा, मग फरशा बसवा.

नदीवर जाता यावे, हा आग्रह काही चैनीचा नाही. ओंकारेश्वराचा घाट, विठ्ठलवाडी ही ठिकाणे माणसांनी पाण्यापर्यंत उतरावे म्हणूनच आहेत. तिथे पायऱ्यांची डागडुजी हवी, कठडे हवेत, म्हाताऱ्या माणसांना आणि चाकाच्या खुर्चीला जमेल असा उतार हवा. बाकी काठावर सावलीतली मातीची पायवाट पुरे. येरवड्याकडच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात तर झाडी राखली, राडारोडा पडू दिला नाही, एवढेच मोठे काम आहे. पात्रात भराव आणि भिंती नकोत. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले होते. ज्यांनी तो चिखल उपसला त्यांना नदीची रुंदी कशाला लागते हे सांगावे लागणार नाही.

तेव्हा अर्जात जागा नेमकी लिहा: कोणत्या पुलाजवळ ओढ्यातून मैला येतो, कुठे राडारोडा टाकला जातो, कोणत्या घाटाच्या पायऱ्या खचल्या आहेत. ‘नदी स्वच्छ करा’ एवढेच लिहिलेला अर्ज बाजूला सारणे फार सोपे असते. फोटो जोडा. मोठ्या कामांना या अर्जातला निधी पुरणार नाही. त्यासाठी सोसायटीच्या सह्यांचे पत्र नगरसेवकाला आणि आयुक्तांना वेगळे द्या, आणि शुद्धीकरण केंद्रांचे काम कुठवर आले, याचा लेखी खुलासा मागा.

याच आठवड्यात क्षेत्रीय कार्यालयात जा, शेजाऱ्यांनाही सोबत न्या आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.