हलव्याची भीती

लाहोरच्या इछरा बाजारात २५ फेब्रुवारी २०२४ रोजी एका स्त्रीभोवती जमाव जमला. तिच्या कुर्त्यावर अरबी अक्षरे छापलेली होती आणि ती कुराणातील आयत असावी, असा कोणाचा तरी समज झाला. बघता बघता धर्मनिंदेचा आरोप झाला आणि घोषणा सुरू झाल्या. एका महिला पोलीस अधिकाऱ्याने धैर्याने तिला गर्दीतून बाहेर काढले. पुढे जाणकारांनी पाहिले, तेव्हा कापडावर आयत वगैरे काही नव्हती. गोड, सुंदर या अर्थाचा एक साधा शब्द होता. ग्रंथांच्या अरबीत त्याचा उच्चार 'हुल्वा', कैरोच्या रस्त्यावर 'हेल्वा'. संक्रांतीला आपण नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला ज्याचे दागिने घालतो, तो हलवा याच धातूतून आलेला आहे. निर्दोष ठरल्यावरही माफी मात्र त्या स्त्रीलाच मागावी लागली.

ही बातमी आमच्या प्राध्यापक-कक्षात आली तेव्हा सर्वांनी यथेच्छ हसून घेतले. आम्हांस हसू आले नाही, कारण आम्हांला आमच्याच विभागातील एक तास आठवला. काव्य आणि गायन यांच्या नात्याविषयी शिकवताना आम्ही उम्म कुलसूम यांचे 'अल-अत्लाल' वर्गात लावले होते. एका सहकाऱ्यांनी दारातून डोकावून 'वर्गात धार्मिक काही नको' अशी हरकत घेतली. दुसरे एक ज्येष्ठ सहकारी पादत्राणे बाहेर काढून, हात जोडून मागच्या बाकावर येऊन बसले. दोघांचेही हेतू स्वच्छ. गीत मात्र एका मोडलेल्या प्रेमाचे, इब्राहीम नाजी या पेशाने डॉक्टर असलेल्या कवीच्या काव्यातून घेतलेले, रियाद अल-सुंबाती यांनी संगीत दिलेले आणि १९६६ साली प्रथम गायिले गेलेले. लाहोरच्या जमावाशी आमच्या सहकाऱ्यांची तुलना करणे अन्यायाचे होईल. तिथे जीव जाण्याची वेळ आली होती, इथे फार तर तास बुडाला. पण समजूत तीच. अरबी कानी पडली की धर्म आला. मग तिला भ्यावे नाहीतर वंदन करावे.

माल्टा हा कट्टर कॅथलिक परंपरेचा देश. तेथील भाषा अरबीतून निघालेली आहे. माल्टाचे लोक देवाला 'अल्ला' म्हणतात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला 'रंदान', म्हणजे रमजानच. कैरोतला ख्रिस्ती दुकानदार प्रकृती विचारली की 'अल्‌हम्दुलिल्लाह' म्हणतो आणि त्याच्या चर्चमधील बायबलातही देवाचे नाव अल्लाह हेच असते. फैरूझ या लेबनॉनच्या ख्रिस्ती गायिका. गुड फ्रायडेची त्यांची स्तोत्रे अरबीत आहेत.

यावर आमचे पुरोगामी मित्र लगेच टाळ्या वाजवतात आणि 'भाषा वेगळी, धर्म वेगळा' असे सुभाषित ऐकवतात. तेही आम्हांला मान्य नाही. अरबीच्या बाबतीत ते खरे असते तर प्रश्न फार सोपा झाला असता. उम्म कुलसूम यांचे वडील नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील एका खेड्यात इमाम होते. मुलगी गावच्या मकतबात कुराण म्हणायला शिकली, मुलाचा वेश करून वडिलांबरोबर लग्नसमारंभांतून धार्मिक पदे गाऊ लागली. कुराणपठणाचे 'तज्वीद' नावाचे शास्त्र आहे. कोणता वर्ण घशातून, कोणता जिभेच्या मुळाशी, कोणता स्वर किती मात्रा लांबवायचा, अनुनासिक किती घुमवायचा, हे सारे त्यात ठरलेले. चाल मात्र ठरलेली नाही. शेख मुस्तफा इस्माईल (१९०५–१९७८) यांच्यासारखे पाठक त्याच क्षणी मकाम निवडत, एका मकामातून दुसऱ्यात जात, तीच ओळ पुन्हा निराळ्या स्वरांत म्हणत. वाद्य नाही, आणि त्याला 'गाणे' म्हणायचे नाही. पाठक 'वाचतो'. त्या 'वाचना'ला श्रोत्यांतून 'अल्लाह!' अशी दाद येते. आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रेडिओवरून थेट प्रक्षेपित होणाऱ्या उम्म कुलसूम यांच्या मैफलीत, प्रेमगीताची एक ओळ त्या निरनिराळ्या प्रकारे आळवत, तेव्हाही हीच दाद येई. संगीतकार झकरिया अहमद यांच्या नावामागे 'शेख' लागते. आपल्याकडे कीर्तनकारही बुवा आणि गवईही बुवा, तसेच हे. भास्करबुवा बखल्यांचे नाव घेताना ते कोणत्या मठाचे, असे आपण विचारत नाही!

तेव्हा धर्माने अरबी गळा घडवला, हे निखालस खरे. तो गळा त्यामुळे धर्माच्या मालकीचा झाला, हे खोटे. बोलीकडे पाहावे. कैरोची माणसे जिभेच्या मुळाशी उच्चारायचा तो खोल 'क' रोजच्या बोलण्यात गिळून टाकतात. हृदयाला 'कल्ब' ऐवजी 'अल्ब' म्हणतात. पण 'कुराण' हा शब्द आला की तोच माणूस, मग तो निरक्षर का असेना, 'क' पूर्ण उच्चारतो. ग्रंथभाषा आणि बोली यांच्या या दुहेरी संसाराला चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली शास्त्रीय नाव दिले आणि अरबी हे त्याचे एक ठळक उदाहरण ठरले. कैरोच्या गल्ल्या रंगवणाऱ्या, १९८८ चे नोबेल मिळवणाऱ्या नगीब महफूझ यांनी संवाददेखील ग्रंथभाषेत लिहिले. बोली त्यांना त्या कामाची वाटली नाही. आम्हांला हे त्यांचे मत मुळीच पटत नाही. ज्या उम्म कुलसूम 'अल-अत्लाल' ग्रंथभाषेत गायिल्या, त्याच १९६४ साली 'इन्त उमरी' रस्त्याच्या भाषेत गायिल्या, आणि त्यांचा गळा दोन्हीकडे एकच होता.

आता थोडे घरचे. आमच्या अभ्यासक्रमात भाषाशुद्धीची चळवळ असते, तिच्यावर प्रश्न असतो, 'फारसी-अरबी शब्दांची दहा उदाहरणे द्या' असा. विद्यार्थी यादी पाठ करतात आणि विसरतात. माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकी शब्द घालवायला निघाले. आम्हांला तो मार्ग अमान्य आहे. पण ज्यांना घालवायचे, त्यांना हा माणूस घराण्यासकट ओळखत होता. आजच्या शुद्धिवाद्यांना आणि आजच्या उदारमतवाद्यांनाही ती ओळख नाही. मैफल, खयाल, रियाज, तालीम, तबला एवढे शब्द अरबीकडे परत पाठवले, तर आपल्या गायनाच्या बैठकीत सतरंजीवर काय उरेल? विद्यापीठांत अरबीचे विभाग आहेत. मराठीच्या विद्यार्थ्याने तिथे पाऊल ठेवावे असे मात्र आमच्यापैकी किती जणांनी सुचवले? आम्हीही नाही.

'हरकत' हा शब्दही तिकडलाच. अरबीत त्याचा अर्थ हालचाल, आणि व्यंजनाला स्वर देणाऱ्या, अक्षराच्या वर-खाली येणाऱ्या छोट्या खुणेलाही हरकतच म्हणतात. मराठीत गवई हरकत घेतो आणि आक्षेप घेणाराही हरकत घेतो.

हे सर्व त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या सहकाऱ्यांना सांगता आले असते. वर्गात पंचवीस-तीस विद्यार्थी होते, गाणे अजून अर्ध्यावरही आले नव्हते. आम्ही 'हरकत नाही' म्हणालो आणि ते बंद केले.