मणक्यातली सुई : होकार देण्याआधी

आमच्या रिठदमध्ये सोयाबीनची सोंगणी आटोपली की कंबरदुखीचे दिवस सुरू होतात. दुखणे लांबले की लोक वाशीम-अकोल्याची वाट धरतात आणि कधी कधी मणक्यात इंजेक्शन घेण्याचा सल्ला घेऊन परततात. मग घरात दोन तट पडतात. एकजण म्हणतो, घेऊन टाका, ऑपरेशन टळेल. दुसरा म्हणतो, मणक्याला हात लावू देऊ नका, माणूस लुळा होतो. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण दोघांच्या बोलण्यात अर्धेच खरे आहे, एवढे वाचून समजले.

हे इंजेक्शन मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत देतात. त्यातले स्टेरॉइड दबलेल्या नसेभोवतीची सूज कमी करते. कमरेतून पायात कळ उतरत असेल, तर काहींना काही आठवडे थोडा आराम पडतो. नुसत्या कंबरदुखीत त्याचा भरवसा फार कमी. 2025 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातील तज्ज्ञगटाने तर जुनाट पाठदुखीसाठी अशी इंजेक्शने देऊ नयेत, असाच सल्ला दिला.

आता मंजुरीचा प्रश्न. मिथाइलप्रेडनिसोलोन, ट्रायॅम्सिनोलोन ही औषधे सांध्यात किंवा स्नायूत देण्यासाठी मंजूर झाली. मणक्याच्या पोकळीत देण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोणत्याही स्टेरॉइडला मंजुरी दिलेली नाही. 23 एप्रिल 2014 रोजी त्याने इशारा दिला की, अशा वापरात क्वचित, पण गंभीर अपाय होऊ शकतात : दृष्टी जाणे, पक्षाघात, लुळेपणा, मृत्यूसुद्धा. हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापणे बंधनकारक केले. मंजुरी नाही म्हणजे बंदी आहे, असे मात्र नव्हे. डॉक्टर आपल्या अनुभवावर ते वापरू शकतात. पण मग रुग्णाला तसे स्पष्ट सांगणे आलेच.

औषधाच्या शुद्धतेचाही प्रश्न आहे. 2012 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील एका औषधनिर्मात्याकडच्या स्टेरॉइडमध्ये बुरशी शिरली. 20 राज्यांत 750 हून अधिक लोक आजारी पडले, 60 हून अधिक दगावले. म्हणून कुपी सीलबंद आहे का, तिची मुदत संपली नाही ना, हे विचारण्यात संकोच कसला?

डॉक्टरांना आणखी काही प्रश्न नक्की विचारा. औषधाचे नाव काय? सुई एक्स-रेच्या पडद्यावर पाहत देणार का? इंजेक्शन घेतले नाही तर दुसरा उपाय कोणता? मधुमेह असेल तर आधीच सांगा, कारण स्टेरॉइडने काही दिवस साखर वाढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. इंजेक्शननंतर ताप, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा पायातली ताकद जाणे असे काही झाले तर लगेच दवाखाना गाठा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर इंजेक्शन घेतलेले असो वा नसो, एक रात्रही थांबू नका. औषधाचा अपाय झाल्याचा संशय असेल तर 1800-180-3024 या केंद्र सरकारच्या मोफत क्रमांकावर कळवता येते.

बहुतेक कंबरदुखी चालणे-फिरणे, व्यायाम आणि थोडा धीर यांनी कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शनातही जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामावर भर आहे. तोवर सजद्याला त्रास होत असेल तर खुर्चीवर बसून नमाज अदा करण्याची सवलत आहेच.

एक गोष्ट मात्र आम्हाला सलते. दुखणे अम्मीचे असते आणि निर्णय मुलगा, जावई, मामू ओट्यावर बसून घेतात. दवाखान्यात संमतीपत्रावर अंगठा मात्र तिचाच उमटतो. तो कागद मराठीत असो वा इंग्रजीत, तिला कळेल अशा बोलीत आधी वाचून दाखवा. फायदा किती, धोका कोणता, हे सांगा. मग ती ‘हो’ म्हणाली तर तो खरा होकार. ‘नाही’ म्हणाली तर तिच्या ‘नाही’चाही मान राखा.