भग्न मनोऱ्याची अर्धी साक्ष

बर्लिनच्या पश्चिम भागात झू स्टेशनाबाहेर पडून थोडे चालले की ब्राइटशाइडप्लाट्झ हा गजबजलेला चौक लागतो. सभोवार शंभर मीटरहून उंच हॉटेले, कचेऱ्या आणि दुकानांची चकचकीत तावदाने. आणि त्यांच्या मधोमध शिखर तुटून पडलेला, काळवंडलेला एक दगडी मनोरा. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या कैसर विल्हेल्म स्मारक चर्चचा हा उरलेला भाग होय. जगभरचे प्रवासी त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात, युद्ध किती वाईट असा सुस्कारा टाकतात आणि समोरच्या दुकानात शिरतात. त्या सुस्काऱ्यात खोटे काही नाही. परंतु युद्ध वाईट असते, एवढेच सांगण्यासाठी ऐंशी वर्षे एक पडका मनोरा सांभाळण्याची गरज नव्हती. हा मनोरा नेमके काय सांगतो, आणि काय सांगावयाचे टाळतो, याचा विचार व्हावयास हवा.

मुळात हे चर्च निव्वळ भक्तिभावातून उभे राहिलेले नव्हते. सम्राट दुसरा विल्हेल्म याने आपला आजोबा पहिला विल्हेल्म याच्या स्मरणार्थ ते बांधविले. फ्रान्झ श्वेष्टेन या वास्तुविशारदाने त्याची आखणी केली आणि १ सप्टेंबर १८९५ रोजी त्याचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. मुहूर्त अर्थपूर्ण होता. १८७० साली सेदानच्या लढाईत जर्मन फौजांनी फ्रान्सला चारी मुंड्या चीत केले, त्या विजयाचा रौप्यमहोत्सव दुसऱ्याच दिवशी होता. (१ सप्टेंबर ही तारीख पुढे १९३९ मध्ये जर्मनांनी वेगळ्याच कारणाने गाजविली, त्या दिवशी त्यांच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या. हा योगायोग म्हणून सोडून द्यावा.) मुख्य मनोऱ्याची उंची ११३ मीटर. प्रवेशदालनात रंगीत खड्यांच्या जडावकामात होहेनत्सोलर्न राजघराण्यातील स्त्री-पुरुषांची मिरवणूक चितारलेली. ती आजही तडे गेलेल्या अवस्थेत पाहावयास मिळते. घंटा ओतल्या त्या फ्रेंचांकडून जिंकून आणलेल्या तोफांच्या धातूतून. १९४३ साली त्यांतील बहुतेक घंटा उतरवून दारूगोळ्यासाठी वितळविण्यात आल्या. अर्धशतकाच्या आत तो धातू आपल्या मूळ धंद्यावर परतला, असे म्हणावे लागेल.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटिश विमानांच्या हल्ल्यात चर्च जळाले. शिखर कोसळले, सभागृहाचे छत गेले. युद्धानंतर कित्येक वर्षे हा सांगाडा तसाच उभा होता. १९५७ साली नव्या चर्चच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली आणि ती एगॉन आयरमान यांनी जिंकली. आयरमान हे आधुनिक वास्तुकलेतील मान्यवर नाव. त्यांच्या मूळ आराखड्यात जुन्या मनोऱ्याला जागाच नव्हती. तो पाडून मोकळ्या जागेवर नव्या काळाची वास्तू उभारावयाची होती. हे जाहीर होताच शहर खवळून उठले. वृत्तपत्रांकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. गमतीची गोष्ट अशी की, बांधले गेले तेव्हा या चर्चला नावे ठेवणारे कमी नव्हते, आणि युद्धानंतर बर्लिनकरांनीच त्या मनोऱ्याला ‘पोकळ दात’ असे टोपणनाव दिले होते. पण दात किडका असला तरी आपला तो आपलाच! अखेर तडजोड झाली. मनोरा राहिला आणि त्याच्या दोन बाजूंना आयरमान यांची अष्टकोनी उपासनावास्तू व षट्कोनी घंटाघर उभे राहिले. (‘पावडरची डबी आणि लिपस्टिक’ हे त्यांचे बारसेही बर्लिनकरांनी लगोलग उरकले.)

वास्तुविशारदाच्या मनाविरुद्ध झालेली ही तडजोड त्याच्या मूळ कल्पनेपेक्षा सरस ठरली, हे आज बहुतेक जाणकार मान्य करतील. नवी वास्तू डिसेंबर १९६१ मध्ये खुली झाली. बर्लिनच्या छातीवर भिंत उभी राहून तेव्हा चारच महिने लोटले होते. बाहेरून ही इमारत काँक्रीटच्या जाळीची, रुक्ष वाटते. आत पाऊल टाकताच मात्र चारी बाजूंनी गडद निळा प्रकाश झिरपतो. वीस हजारांहून अधिक काचतुकड्यांतून येणारा तो प्रकाश घडविला आहे फ्रान्समधील शार्त्र गावच्या गाब्रिएल ल्वार या कारागिराने. ज्या चर्चच्या घंटा फ्रेंच तोफांतून ओतल्या गेल्या, त्याच्या वारसदाराला उजेड मिळाला तो फ्रेंच काचेतून. समेटाविषयी कितीही भाषणे झाली असती, तरी या काचांची सर त्यांना आली नसती.

मोडकी वस्तू मोडकीच ठेवणे ही वाटते तितकी स्वस्त गोष्ट नव्हे. पाऊस, बर्फ आणि रहदारीचे हादरे यांनी दगड झिजतात. २०१० च्या सुमारास मनोऱ्याची दुरुस्ती करण्यासाठी तो संपूर्ण आवरणाखाली झाकावा लागला. म्हणजे भग्नतेचीही डागडुजी करावी लागते आणि त्यासाठी दर पिढीला खिशात हात घालावा लागतो.

पण खर्च करून जपलेला अवशेष खरे बोलेलच, याची हमी कोण देणार? नुसत्या मनोऱ्याकडे पाहिले तर एवढेच दिसते की, आकाशातून बाँब पडले आणि एक देवस्थान उद्ध्वस्त झाले. बाँब टाकणारे ब्रिटिश, सोसणारे जर्मन. ही साक्ष अर्धी आहे, आणि अर्धी साक्ष कशी वापरली जाते हे ड्रेस्डेनने दाखविले. तेथे फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्याच्या स्मृतिदिनी अतिउजव्या गटांनी मोर्चे काढून जर्मनांच्या दुःखाचे भांडवल केले. त्या दुःखाआधी काय घडले याचा उच्चार मात्र शिताफीने टाळला. बर्लिनच्या चर्चने हा धोका ओळखला, हे त्याचे मोठेपण. १९८७ मध्ये जुन्या मनोऱ्याच्या तळाशी स्मृतिदालन उघडले. तेथे कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलमधील जुन्या खिळ्यांचा क्रूस ठेवलेला आहे. ते कॅथीड्रल १४ नोव्हेंबर १९४० रोजी जर्मन विमानांनी जाळले होते, मनोरा पडण्याच्या तीन वर्षे आधी. नव्या वास्तूत कुर्ट रॉयबर या जर्मन लष्करी डॉक्टराने १९४२ च्या नाताळात स्टालिनग्राडच्या वेढ्यात रशियन नकाशाच्या पाठीवर कोळशाने काढलेले माता-बालकाचे चित्र आहे. रॉयबर सोव्हिएत कैदेत मरण पावला. चित्र हृदयद्रावक आहे. पण चित्रकार दुसऱ्याच्या देशात शिरलेल्या सैन्यासोबत तेथे पोचला होता, हे विसरून ते पाहता येत नाही.

एवढे करूनही एक उणीव उरतेच, आणि ती चर्चची नसून शहराची आहे. मनोऱ्यापासून दहा-बारा मिनिटांच्या अंतरावर, फाझानेनश्ट्रासे या रस्त्यावर, १९१२ साली खुले झालेले ज्यूंचे भव्य प्रार्थनामंदिर होते. ते शत्रूच्या बाँबने पेटले नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये, शांततेच्या काळात, नाझींनी ते पेटविले. बाँबहल्ल्यांत त्याची आणखी पडझड झाली, पण अवशेष उभे होते. मनोरा पाडू नका म्हणून शहर हमरीतुमरीवर आले होते, जवळपास त्याच काळात, १९५७-५८ मध्ये, ते अवशेष पाडण्यात आले आणि १९५९ साली तेथे ज्यू समाजाचे सामुदायिक गृह उभे राहिले. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये सुमारे १,६०,००० ज्यू राहत होते. युद्धानंतर उरलेल्या काही हजारांना एकत्र जमण्यासाठी छप्पर हवे होते. भग्न भिंती जपण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. त्यांना दोष कोणी देऊ नये. परंतु जर्मनांनी सोसलेल्या आघाताचा अवशेष शहराच्या काळजात राहिला आणि जर्मनांनी केलेल्या आघाताचा अवशेष ढिगाऱ्यासोबत गेला, हा हिशेब मनोऱ्याच्या पायथ्याशी कोठेतरी मांडला जावयास हवा.

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत अलीकडे भारतीयांचा भरणा सर्वांत मोठा आहे. त्यांत मराठी मुलेमुलीही आहेत. मनोऱ्यापुढे छायाचित्र काढून झाल्यावर त्यांनी तेवढी पंधरा मिनिटे अवश्य राखून ठेवावीत. फाझानेनश्ट्रासेवर पाहण्यासारखे फार नाही. आधुनिक इमारतीच्या दर्शनी भागी जुन्या मंदिराचे दगडी प्रवेशद्वार बसविलेले आहे, आणि तेथे आजही पोलिसांचा पहारा असतो.