आदिवासी उद्योगाला जमिनीवर नव्हे, मालावर कर्ज द्या



बागलाण तालुक्यातील साल्हेर-मुल्हेरच्या पट्ट्यात फाल्गुन-चैत्रात मोह पडतो आणि पावसाळ्यानंतर नागली घरात येते. हा माल वाळवून, निवडून, दळून, पाकिटात भरून विकला तर त्याची किंमत वाढते. पण ती वाढ माल पिकवणाऱ्याच्या किंवा वेचणाऱ्याच्या हाती लागत नाही. मोहफुलांवर 1892 च्या मोहा कायद्यापासून सरकारचा पहारा होता. 2021 मध्ये राज्य सरकारने संकलन आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. आता कायदा आडवा येत नाही, भांडवलाचा तुटवडा येतो. मोहाची वर्षभराची खरेदी दोन महिन्यांत रोखीने करावी लागते, आणि ऐन त्याच दिवसांत आदिवासी गटाच्या हाती खेळता पैसा नसतो. म्हणून फुले आठवडे बाजारात मिळेल त्या भावाने जातात.

बँकेत गेले की पहिला प्रश्न तारणाचा. जमीन महसूल संहितेतील 1974 च्या दुरुस्तीमुळे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन तर वारसांकडे जाते, पण विकता येत नाही. लिलावात न विकली जाणारी जमीन बँकेला तारण वाटत नाही. यावर काही जण सुचवतात की ही बंधनेच सैल करा, म्हणजे कर्ज मिळेल. हा उपाय घातक आहे. सावकारी कर्जापायी आदिवासींच्या जमिनी गेल्या म्हणूनच ही बंधने आली. एका गिरणीच्या कर्जासाठी पुढच्या पिढ्यांचे शेत डावावर लावायला सांगणे हा विकास नव्हे.

तारण दुसरेही असू शकते, आणि ते आपल्याच बाजार समित्यांना ठाऊक आहे. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत गोदामातल्या मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी मिळते. सोयाबीनला जो न्याय, तोच सुक्या मोहफुलाला आणि नागलीला का नको? यंत्रासाठी यंत्रच तारण ठेवता येते. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यापुढच्या रकमेसाठी 2000 पासून पतहमी निधी आहे. कर्ज बुडेल ही भीती खोटी नाही. पण उद्योग बहुधा बुडतो तो ग्राहकाअभावी, आणि इथला मोठा ग्राहक सरकार स्वतः आहे. आश्रमशाळांच्या आहारासाठी आदिवासी विकास विभागाने स्थानिक गटांकडे नागलीच्या पिठाची वर्षभराची लेखी मागणी नोंदवावी आणि 2006 च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे 45 दिवसांच्या आत पैसे चुकते करावेत. अशा मागणीपत्रावर कर्ज देणे म्हणजे उपकार नव्हे, साधा व्यवहार आहे. नाशिकच्या शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाने पहिल्या हंगामाच्या खरेदीसाठी भागभांडवल घालावे. योजना पुष्कळ आहेत असे कोणी म्हणेल. आहेत, पण अनुदान यंत्राला मिळते आणि कच्च्या मालाला पैसा नसल्याने यंत्र गंजते.

अनुसूचित जमातीच्या अर्जदाराचे कर्ज शाखेने परस्पर नाकारू नये, तो निर्णय वरच्या अधिकाऱ्याने घ्यावा आणि कारण स्पष्ट नोंदवावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. म्हणून तोंडी नकार घेऊन परतू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकाराचे कारण लेखी मागा आणि ते कागद ग्रामसभेत वाचून दाखवा.